वजिराचा कौल

तिसगावचा बाजार होता आणि आमच्या गावच्या वैजनाथच्या मोकळ्या रानात पाय ठेवायला जागा नव्हती. मेथीच्या जुड्या, मिरचीच्या पिशव्या, पाय बांधलेल्या कोंबड्या तशाच काखेत मारून माणसं भर उन्हात उभी होती. समोर ट्रॉली आडवी लावून तिच्यावर मंडप घातलेला. मंडपात मूर्ती नव्हती, फोटो नव्हता. होता तो बुद्धिबळाचा पट! चांगला पुरुषभर उंचीचा, पत्र्याचा, उभा केलेला, आणि त्याला चुंबकाने चिकटवलेली ताटलीएवढी मोहरी. पटाला झेंडूचा हार घातलेला.

पटाकडे पाठ करून बुद्धिनाथ महाराज बसले होते. डोळ्यांवर कापसाचे बोळे, त्यावर काळं फडकं आणि त्यावर भगवं उपरणं. गाठ गावातल्याच कुणाकडून तरी मारून घ्यायची, म्हणजे शंका नको. त्यांचा चेला छगन हातात माईक घेऊन सांगत होता, की महाराजांना डोळ्यांची गरजच नाही, कारण नाथांनी त्यांच्या कपाळात तिसरी नजर ठेवली आहे. सगळं जग हा एक पट आहे, महाराजांना तो आतून दिसतो, वगैरे वगैरे. मी इथल्या शाळेत गणित शिकवते. एवढी बडबड वर्गात कुणी केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तरी जमाव श्वास रोखून बघत होता, हे मान्य करायला हवं. एक म्हातारा कौल मागायला पुढे आला होता. आमच्याकडे कौल लावणं जुनं आहे. देवाच्या अंगाला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. महाराजांनी फुलांच्या जागी मोहरी आणली होती, एवढाच काय तो फरक. प्रश्न विचारायचा, महाराज उत्तर सांगणार. पटावर पांढऱ्याने काळ्यावर मात केली की त्या उत्तरावर देवाचा शिक्का बसला. आणि कौलासमोर उलट बोलायचं नाही, हा तर आमच्या आज्या-पणज्यांपासूनचा दंडक.

म्हाताऱ्याला दमा होता. फवारा ओढून ओढून कंटाळलो, असं तो म्हणाला. महाराजांनी विचारलं, "कुठल्या हाताने मागतोस?" म्हाताऱ्याने उजवा हात वर केला. छगनने त्याप्रमाणे पटावर मोहरी लावली. मग महाराज, पटाकडे पाठ आणि डोळे बांधलेले, गंभीर आवाजात म्हणाले, "पांढरा वजीर उचल. काळ्या राजाच्या शेजारी नेऊन ठेव."

गर्दीत चुळबूळ झाली. बुद्धिबळ न येणाऱ्यालाही एवढं कळतं, की वजीर ही सगळ्यात मोठी सोंगटी आणि तो शत्रूच्या दारात नेऊन ठेवला तर मरणार. काळ्याची चाल खेळायला त्या म्हाताऱ्यालाच बोलावलं होतं. त्याने हत्ती उचलला आणि वजीर मारला. बायकांनी हळहळ केली. "आता घोडा," महाराज म्हणाले. छगनने घोडा उचलून ठेवला आणि माईकवर ओरडला, "मात!"

मग महाराजांचा उपदेश सुरू झाला. वजीर दिल्याशिवाय मात नाही, माउली! ज्याच्यावर तुमची सगळी भिस्त, तो तुमचा वजीर. तो धरून बसाल तर हराल. तो अर्पण करा, नाथ तुम्हाला जिंकून देतील. म्हाताऱ्याने खिशातून दम्याचा फवारा काढला आणि पटाच्या पायाशी ठेवला. तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं. उदबत्त्यांच्या मागे ढीग पडला होता. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं, साखरेच्या आजाराची इंजेक्शनं, कुणाच्या तरी फिटच्या औषधाची बाटली. औषध ठेवायचं आणि त्याच्या बदल्यात अंगाऱ्याची पुडी विकत घ्यायची.

मी तीन-चार कौल बघितले आणि मला हसावं की रडावं कळेना. मी शनिवारी पोरांना बुद्धिबळ शिकवते. प्रत्येक कौलात तेच कोडं होतं. तेच! काळा राजा कोपऱ्यात, त्याच्यासमोर आणि तिरक्यात त्याची दोन प्यादी, एक घर सोडून त्याचा हत्ती. पांढऱ्याचा घोडा जवळ टपलेला, वजीर लांब. भक्ताने डावा हात वर केला तर हेच सगळं डाव्या कोपऱ्यात, आरशात दिसावं तसं. महाराजांना दुसरं कोडं येतच नसावं. आणि यायची गरज काय पडली होती? डोळे खरोखरच बांधलेले होते, त्यात लबाडी नव्हती. पाठ केलेली कविता म्हणायला डोळे लागतात कशाला?

तेवढ्यात गर्दीत मला सविता दिसली आणि तिच्या शेजारी तिची मुलगी दिपाली. दिपाली सातवीत, माझ्या शनिवारच्या वर्गातली. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ती शाळा बुडवून त्यांच्याबरोबर जाते. यंदा मोळी बांधताना उसाचं पातं तिच्या डोळ्याला लागलं आणि आत बुरशीची जखम झाली. नगरच्या डॉक्टर गौहर शेख यांच्याकडे मीच तिला पाठवलं होतं. त्यांनी दर तासाला घालायचे थेंब दिले होते आणि जखम भरत आली होती. डॉक्टरबाईंचा फोन आला होता मला, पोरगी सुटली म्हणून.

आता त्या डोळ्याभोवती राखाडी अंगारा फासलेला होता. डोळा सुजून मिटला होता आणि दिपाली मान खाली घालून उभी होती. सविताने दबक्या आवाजात सांगितलं, की मागच्या बाजारी कौल लावला. डोळा बरा होतोय तर थेंब किती दिवस घालायचे, असं विचारलं होतं. महाराज म्हणाले, थेंब हाच तुमचा वजीर, तो सोडा. मात झाली. दिपालीच्या बापाने थेंबांची बाटली तिथंच ठेवली.

मी तिथल्या तिथे सविताला झापलं. मग लक्षात आलं, की तिला झापून काय उपयोग? घरात शब्द चालतो तो तिच्या नवऱ्याचा, गोरक्षनाथचा. तो माणूस वाईट नाही. पोरीवर त्याचा जीव आहे, तिला खांद्यावर घेऊन नगरला बस पकडणारा तोच होता. पण त्याच्या आजोबांनी कौलावर विहीर खणली आणि तिला पाणी लागलं, ही गोष्ट त्याच्या घरात अशी सांगतात की जणू काल घडली.

त्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. समजावलं, रागावले, हात जोडले. डॉक्टर गौहरना फोन लावून दिला. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की आज घेऊन या, उशीर केला तर डोळा जाईल. गोरक्षनाथने फोन मला परत दिला आणि म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. पन मात झाली ती म्या या डोळ्यांनी पाह्यली."

दुसऱ्या दिवशी मी माझा पट घेऊन गेले. त्याच्या ओट्यावर तेच कोडं मांडलं, माझे डोळे ओढणीने बांधून घेतले आणि तीच मात करून दाखवली. काळ्याला प्रत्येक वेळी एकच चाल उरते, हे दाखवलं. राजाला तो वजीर मारता येत नाही, कारण मागे घोड्याचा जोर आहे. म्हणून हत्तीनेच मारावा लागतो. आणि हत्ती तिथे आला की राजाची उरलेली एकुलती एक मोकळी जागा बुजते. आपल्याच माणसांत तो गुदमरतो आणि घोडा त्याला शह देतो. त्यात ना नाथ, ना नजर. गोरक्षनाथने सगळं नीट बघितलं. मग शांतपणे म्हणाला, की तुमचा पट येगळा, देवाचा पट येगळा. दगडावर डोकं आपटलं असतं तर दगडाला निदान ओल तरी लागली असती.

सविताकडे मी नवी बाटली चोरून दिली. ती सापडली आणि तीही त्याने फेकली. सविताने मार खाल्ला नाही, पण त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मी दिपालीचा डोळा रोज बघत होते. बुबुळावरचा पांढरा ठिपका पसरत चालला होता. मी रात्ररात्र तळमळत होते आणि उघड्या डोळ्यांनी एका लेकराचा डोळा जाताना बघत होते. एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

शेवटी मी गोरक्षनाथला म्हणाले, "मी कौल मागते. दिपालीसाठी, तुझ्यासमोर. मात झाली तर पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. नाही झाली तर त्याच पावली नगरला जायचं." त्याने दिपालीकडे बघितलं. मग म्हणाला, "देवानं न्हाई म्हनलं तर जाऊ." एवढं मिळालं, मी घेतलं.

बाजाराच्या दिवशी मी हिरवी साडी नेसले, कपाळभर कुंकू लावलं आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन ट्रॉलीवर चढले. गर्दीत लगेच कुजबुज झाली, की बाईसुद्धा लायनीवर आल्या. महाराजांना आपल्या रानात उतरवणारा वैजनाथ तर एवढा खूश झाला, की त्याने माईकवर माझं स्वागत केलं. शाळेतल्या बाईंनाही नाथांनी बोलावलं, म्हणाला. गोरक्षनाथ दिपालीला कडेवर घेऊन अगदी पुढे उभा होता. एवढी मोठी पोरगी, पण उजेड सोसत नव्हता म्हणून तिने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

मी उजवा हात वर केला. छगनने मोहरी लावली. मी मोठ्याने विचारलं, "दिपालीच्या डोळ्यात थेंब घालू का नको?"

"नको," महाराज म्हणाले. "मात झाली तर नाथांची आज्ञा समजा."

कौलाआधी बाईमाणसाने पटाला हळदकुंकू वाहायचं, हा त्यांचाच नियम. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, पटाला कपाळ टेकवलं आणि पदराच्या आडून राजाच्या तिरक्यातलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. बस्स, तेवढंच! छगन धूप फुंकत होता. त्याला बुद्धिबळ येत नव्हतं, महाराज सांगतील ती सोंगटी सांगतील तिथे ठेवणं एवढंच त्याला येत होतं.

"पांढरा वजीर उचल," महाराज म्हणाले. "काळ्या राजाच्या शेजारी नेऊन ठेव."

मी हत्तीने वजीर मारला.

"आता घोडा."

छगनने घोडा ठेवला आणि ओरडला, "मात!" गर्दीने जयजयकार केला. मी काळा राजा उचलला आणि प्यादं हललं होतं त्या रिकाम्या घरात ठेवला.

"महाराज," मी छगनच्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "राजा तर चालला."

महाराज हसले. अहंकार असा राजासारखाच पळतो, माउली, पण नाथांच्या पटावर त्याला जागा नाही, असं काहीसं बोलले. मी म्हणाले, जागा आहे, तो तिथे उभा आहे. आता घोडाही धोक्यात आहे. पुढची चाल सांगा. महाराज गप्प. छगन पटाकडे बघत होता आणि महाराजांच्या कानाशी लागू का नको या विचारात होता.

"तिसऱ्या नजरेला दिसत असेल ना?" मी विचारलं. "राजा कुठल्या घरात आहे तेवढं सांगा."

मग त्या माणसाने जे केलं ते गोरक्षनाथने बघितलं, आणि माझं सगळं काम तिथेच झालं. महाराजांनी हात वर नेले, उपरणं सोडलं, काळं फडकं सोडलं, कापसाचे बोळे काढले आणि वळून आपल्या दोन साध्या डोळ्यांनी पटाकडे बघितलं.

मी सगळं सांगून टाकलं. हो, प्यादं मी हलवलं. चोरून हलवलं आणि आता सगळ्यांसमोर सांगते. तुम्हा सगळ्यांना एकच कोडं दाखवतात, डावं नाहीतर उजवं. ती मात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, ती आधीच मांडून ठेवलेली असते. मग मी मोहरी पुन्हा लावली, प्यादं पुढे सरकलेलंच ठेवलं आणि दाखवलं, की इथे वजीर द्यायचं कारणच नव्हतं. वजीर एक घर बाजूला घेतला की मोकळ्या झालेल्या तिरक्या रेषेतून राजाला शह. हत्ती मध्ये घातला तर तोही मारायचा आणि मात. वजीर जिवंत राहतो. पटाकडे बघणाऱ्या माझ्या सातवीतल्या पोरांना हे दिसलं असतं. न बघणाऱ्याला कसं दिसणार?

तुम्हाला वाटेल लोक खवळले, महाराजांच्या अंगावर धावून गेले. कशाचं काय! वैजनाथ माझ्या हातातला माईक ओढत म्हणाला, की बाईंनी देवाच्या पटाला फसवलं, हे पाप गावाला भोवेल. महाराजांनी लगेच तो धागा पकडला. पट बाटला, आता शुद्धी करावी लागेल, म्हणाले. आणि निम्म्या माना डोलल्या. दम्याचा म्हातारा तेवढा पुढे आला, ढिगातून आपला फवारा शोधला, तो धोतराला पुसला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. दोन-तीन बायका त्याच्यामागे आल्या. बाकीचे उभेच राहिले.

गोरक्षनाथ एका हाताने पोरीला धरून दुसऱ्या हाताने तो ढीग उपसत होता. बाटली सापडली. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ओळखीच्या टेम्पोवाल्याला त्याने नगरला चल म्हटलं आणि आम्ही तिघं मागे बसलो. निरोप मिळताच सविता घरून धावत येऊन गावच्या फाट्यावर चढली. वाटेत गोरक्षनाथ तासाची वाटही बघत नव्हता. सारखा बाटली उघडायचा आणि थेंब घालायचा, गालावरून ते ओघळत होते. मी त्याला थांबवलं नाही.

डॉक्टर गौहरनी दिवा लावून बघितलं. जखम आरपार गेली होती. नजर संपली होती. आता डोळा काढावा लागेल, नाहीतर आतली घाण पसरेल. त्यांनी हे गोरक्षनाथला खुर्चीवर बसवून, हळू आवाजात सांगितलं. त्याने विचारलं, "मागल्या बाजारी आनली असती तर?"

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. "नजर थोडी कमी राहिली असती. पण डोळा राहिला असता."

सविता रडत होती, तिला गोरक्षनाथ जवळही घेऊ शकला नाही. मी दिपालीजवळ गेले. वाटलं, पोरगी भेदरली असेल, काहीतरी बोलावं. तीच बोलली.

"बाई, ती मात मला येत हुती. मी तवाच आप्पांना म्हनलं, हे शाळेतलं कोडं हाय. ते म्हनले, कौलासमोर बोलू न्हाई, गप ऱ्हा."

गोरक्षनाथने ते ऐकलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

महाराज तिसगावातून गेले. पळवून लावले म्हणाल तर तसंही नाही, वैजनाथने त्यांना नारळ देऊन, पाया पडून निरोप दिला. ऐकते, की आता ते कर्जतकडे आहेत आणि पटावर हळदकुंकू वाहायला बंदी केली आहे. एवढाच धडा ते शिकले. मी पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा कागद पुढे सरकतो आहे, असं मला प्रत्येक वेळी सांगण्यात येतं.

म्हणून हे लिहिलं. कर्जतकडच्या माणसांनो, तुमच्या देवाला मी काही म्हणत नाही. नवस बोला, कौल लावा, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण देवाच्या नावाने कुणी औषध सोडायला सांगितलं, तर तो माणूस देवाचा नाही एवढं ओळखा. त्याला प्रश्न विचारा. तेच पुन्हा करून दाखव म्हणा, आम्ही मांडतो तसं करून दाखव म्हणा. प्रश्न विचारल्याने खरा देव रागावत नाही, आणि रागावलाच तर माझ्याकडे पाठवा. आणि घरातलं लेकरू म्हणालं, की हे मला माहीत आहे, हे खोटं आहे, तर त्याला गप्प बसवू नका.

दिपाली आता शाळेत येते. डॉक्टरांनी काचेचा डोळा बसवून दिला आहे, चांगला जमला आहे. परवा गोरक्षनाथ तिला सोडायला आला होता. कर्जतकडच्या कुणी पाहुण्याने त्याच्याकडे महाराजांची चौकशी केली होती, जाऊ का म्हणून. मी विचारलं, मग काय सांगितलंस? तो म्हणाला, काही सांगितलं नाही. दिपालीला हाक मारली, पाहुण्याच्या समोर उभी केली आणि म्हटलं, "बाळा, यांना डोळा काढून दाखव."